वाड्यातली सागवानी महिरप हेडबोर्ड म्हणून लावायची आहे, मागून उजेड कसा द्यावा?

शनिवारातली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सुचवता येणार नाही, म्हणून लिहिते.

पुण्याच्या शनिवार पेठेतला आमचा वाडा दोन वर्षांपूर्वी उतरवला. लाकूड सगळं ठोक भावात गेलं. मी फक्त एक गोष्ट मागून घेतली, दिवाणखान्यातल्या दोन खांबांमधली महिरप. सागवान, सव्वा इंच जाड, मधोमध २६ इंच उंच. दिसणारी रुंदी बरोबर ६० इंच, आणि दोन्ही टोकांना खांबात बसणाऱ्या दीड-दीड इंचाच्या जिभा, म्हणजे एकूण ६३. कमानीला सात पाकळ्या, टोकांना केळफुलं, शेंड्यावर कमळ. आमचे गौरी-गणपती दरवर्षी हिच्याखालीच बसायचे. आई १९६६ साली लग्न होऊन त्या वाड्यात आली, म्हणजे तिने ही महिरप माझ्या जन्माच्या आधीपासून पुसलेली आहे.

आता आई माझ्याकडे सिंहगड रोडला असते. तिची खोली १० बाय ११, पलंग ५ फुटी. तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. ट्यूबलाइट लावली की डोळे मिटून घेते, आणि बंद केली की अंधारात चाचपडते. म्हणून मनात आलं की ही महिरप तिच्या डोक्याशी हेडबोर्डसारखी लावावी आणि मागून मऊ उजेड सोडावा. संध्याकाळी तिला त्यात जपमाळ घेऊन बसता यावं, रात्री अगदी मंद करून ठेवता यावा.

आत्तापर्यंत दोन माणसं येऊन गेली. सुतार म्हणाला, "दोन्हीकडून दीड-दीड इंच कापतो, बेडच्या लेव्हलला येईल. मागे १२ एमएमचा प्लाय, त्यावर सनमायका, पुढून महिरप खिळ्यांनी ठोकतो." मी करवत खाली ठेवायला लावली. इलेक्ट्रिशियनने नमुना म्हणून पांढरीशुभ्र एलईडी पट्टी मागे चिकटवून दाखवली. सागवान राख फासल्यासारखं दिसायला लागलं. शिवाय आमच्या भिंतीला चकचकीत लस्टर रंग आहे, त्यात पट्टीचा एकेक दिवा मण्यांच्या माळेसारखा उमटला. पाच मिनिटांत त्याचा तो काळा ॲडाप्टर हात लावता येणार नाही इतका तापला आणि गुणगुणायला लागला. आईच्या उशीपासून हातभरावर ते नको, म्हणून तेही काढायला लावलं.

तर मला हवंय ते असं: महिरपीला एकही नवा खिळा नको, कापाकापी नको, दिवा डोळ्यांवर येता कामा नये आणि लाकूड लाकडासारखं दिसलं पाहिजे. तिच्यावर ऑइलपेंटचे तीन थर आहेत, वरचा चॉकलेटी, खाली हिरवा, त्याच्या खाली आणखी काहीतरी. दिवाळीत लेक दोन वर्षांच्या नातवाला घेऊन येणार आहे, तोवर झालं तर फार बरं वाटेल. काम मी स्वतः करायला तयार आहे. ड्रिल चालवता येतं, सोल्डरिंग शिकेन.

---

पटाशी

ताई, सगळ्यात आधी, त्या जिभा वाचवल्यात हे फार चांगलं केलंत. हे सुतारकाम मी छंद म्हणून वीस वर्षं करतोय, आणि अशी महिरप हातात आली की मी पहिल्यांदा तिची टोकंच बघतो. वाड्यात ती खिळ्यांवर नव्हतीच. खांबाला खाच, खाचेत जीभ, वरून तुळईचा भार. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात सुरूच्या आकाराच्या खांबांमधल्या महिरपी पाहिल्या असतील, तेच घराणं.

मग इथेही तिला खांबच द्या. सागवानाचे दोन खांब, २ इंच रुंद, साडेतीन इंच खोल, साधारण साडेपाच फूट उंच. जमिनीवर उभे, मागून भिंतीला टेकलेले (स्कर्टिंगपुरती खालून खाच घ्या). आतल्या बाजूला, पुढच्या कडेपासून अर्धा इंच आत, सव्वा इंच रुंदीची उभी खाच, वरून उघडी. महिरप वरून खाचेत सरकवायची. सगळा भार जमिनीवर जातो, भिंतीवर काहीच नाही. खांब पुढे पडू नयेत म्हणून वरच्या टोकाला एकेक लोखंडी कोन, ८ मिमीची गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीच्या भोकात बसवतात ती प्लास्टिकची नळी) आणि स्क्रू, बस. महिरपीची मागची बाजू भिंतीपासून पावणेदोन इंचांवर राहील, आणि उजेडाला तेवढी पोकळी लागतेच. तुमचा पलंग ५ फुटी आणि महिरप ६० इंच, हा तर योगच आहे.

भोकं पाडायच्या आधी पलंगाशेजारचा स्विचबोर्ड कुठे आहे ते बघा. त्याच्या सरळ वर ड्रिल लावायचं नाही, वायरचा पाइप बहुतेक वेळा वरून उभाच येतो.

आता रंग, आणि इथे मी जरा जोर देऊन सांगतोय. जुन्या ऑइलपेंटमध्ये बहुतेक वेळा शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. तुमचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडा पॉलिशपेपर अजिबात मारायचा नाही, मशीन तर नकोच, हीट गनही नको. धूळ आणि वाफ दोन्ही वाईट, आणि लहान मुलाला सगळ्यात वाईट. गॅलरीत जुना प्लास्टिकचा कागद अंथरा, पेंट रिमूव्हर लावा, रंग सुटला की ओला असतानाच खरवडा. कोरीव भागात बांबूची काडी आणि जुना टूथब्रश. सपाट भागावर शेवटी काचेचा तुकडा धरून तासा, आमच्याकडचे जुने सुतार तसंच करायचे, आणि सागवानावर त्यासारखी सफाई दुसऱ्या कशाने येत नाही. चांगला मास्क, हातमोजे, आणि खरवड पिशवीत बांधून टाका. हे नातू यायच्या पंधरा दिवस आधी संपवा आणि गॅलरी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

---

उजेडाचं_गणित

दिव्यांचं काम हा माझा व्यवसाय आहे, म्हणून फक्त त्या भागाबद्दल बोलतो.

इलेक्ट्रिशियनने लावली ती ६५०० केल्व्हिनची पट्टी असणार, त्यात निळा जास्त. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. सागवानाला आणि झोपायच्या खोलीला २७०० केल्व्हिन घ्या. जोडीला सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं १०० पैकी माप) ९० किंवा वर लिहिलेली पट्टी मागा. स्वस्त पट्टीत लाल रंग अपुरा पडतो, मग वॉर्म असूनही लाकूड मळकट दिसतं. दुकानात पट्टी पेटवून तिच्या उजेडात स्वतःचा तळहात धरा. हात जिवंत दिसला तर पट्टी चांगली.

मण्यांची माळ दिसायची नसेल तर सीओबी पट्टी घ्या. तिच्यात मीटरला तीनशेच्या वर बारीक चिप एकाच पिवळ्या लेपाखाली असतात, सलग रेघ दिसते. आणि १२ ऐवजी २४ व्होल्ट घ्या. तेवढ्याच वॅटला निम्मा करंट वाहतो, म्हणून टोकाकडे उजेड मंदावत नाही.

तुमच्या मापावरून वरच्या कडेला दीड मीटर आणि कमानीच्या आतून सुमारे पावणेदोन मीटर, म्हणजे सव्वातीन मीटर. मीटरला १० वॅट धरले तर ३२-३३ वॅट. ४० वॅटचा ड्रायव्हर (पट्टीला २४ व्होल्ट पुरवणारा डबा, तुमच्या त्या काळ्या ॲडाप्टरसारखा) कागदावर पुरतो, पण तुम्ही ६० वॅटचा घ्या. अर्ध्या ताकदीवर चालेल, थंड राहील, गुणगुणणार नाही. त्याच्यावर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा आर-ने सुरू होणारा क्रमांक आणि आयएस १५८८५ छापलेलं बघून घ्या. तो पलंगाच्या बॉक्समध्ये गाद्या-रजयांत ठेवायचा नाही. मोकळ्या हवेत, हात पोचेल असा.

उजेड कमी-जास्त करणारा डिमर २४ व्होल्टच्या बाजूला, ड्रायव्हर आणि पट्टीच्या मध्ये बसवायचा. भिंतीवरचा पंख्याचा रेग्युलेटर याला चालत नाही, ड्रायव्हर जळू शकतो.

आणखी एक. पट्टी वर-खाली वाकते, आडवी वाकत नाही. सात पाकळ्यांच्या मागे तिला वळवत न्यायला जाल तर तांब्याचे ट्रॅक तुटतील आणि महिन्याभरात अर्धी पट्टी बंद पडेल. मागे १२ मिमी प्लायचा एक साचा कापा, साध्या सलग कमानीचा, पाकळ्यांच्या कडेपासून इंचभर आत लपेल असा. प्लायच्या जाडीवर १० मिमी रुंद, १ मिमी जाड ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवा (ती हाताने वाकते आणि उष्णता ओढून घेते), आणि तिच्यावर ८ मिमीची एलईडी. तोंड कमानीच्या पोकळीकडे. समोरून पट्टी दिसणार नाही, फक्त उजेड आत सांडलेला दिसेल.

वरच्या कडेची पट्टी छताकडे तोंड करून. भिंतीचा तेवढा भाग मात्र मॅट रंगाचा करून घ्या, लस्टरवर कुठलीही पट्टी आरशासारखी उमटते.

---

शनिवारातली

दोघांचेही किती आभार मानू! खांबांची कल्पना आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे होती तशीच." मग थोडा वेळ गप्प बसली आणि तिने स्वतःची शंका काढली. जिच्याखाली गणपती बसला ती झोपायच्या पलंगाला लावावी का? मी काहीच बोलले नाही, कारण तो निर्णय तिचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, "डोक्याकडे आहे ना, पायांकडे नाही. लाव."

एक अडचण राहिली. कमानीच्या पोकळीतून मागे ती भिंतच दिसणार, उजेड पडणार तोही भिंतीवरच. तिथे काय असावं? कापड ताणून लावायचं मनात होतं, पण धूळ बसेल असं वाटतं. आणि टेकून बसायला आईला खाली गादी हवी, ती किती उंच?

---

कसबेकर

तांब्याचा पत्रा लावा, मठार केलेला, म्हणजे हातोडीने ठोकून खळगे पाडलेला. आमच्या कसबा पेठेत तांबट आळी अजून ठोकतेय. मी तिच्या मागच्याच गल्लीत वाढलो, सकाळी घड्याळाऐवजी हातोड्यांवर उठायचो. बंब, हंडे, घंगाळी तर तुम्हाला माहीत आहेतच, पण सपाट पत्र्यावरही मठारकाम करून देतात. हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं, प्रत्येक घावाला एक छोटी चकचकीत वाटी पडते. उजेडाचं_गणित म्हणतात तसा उजेड कडेने आडवा आला तर प्रत्येक वाटी वेगळी उजळेल. कापडाला ते जमणार नाही.

०.७ मिमी जाडीचा घ्या. त्याहून पातळ असेल तर ठोकताना फार ताणतो. ठोकल्यावर पत्रा थोडा पापडासारखा वाकतोच, तो सपाट करून मागावा लागतो आणि मागे प्लाय द्यावा लागतो. रोज हात लागणार नाही अशा उंचीवर लावा, बोटांचे डाग तांब्यावर काळे पडतात.

---

उजेडाचं_गणित

तांबं सुंदर दिसेल, पण एक धोका सांगून ठेवतो. तांब्यातून वीज वाहते. पट्टी कापलेल्या टोकाला दोन उघडे बिंदू राहतात, वायर सोल्डर केलेल्या जागीही तेच. यातलं काही पत्र्याला टेकलं तर शॉर्ट. प्रत्येक टोकाला हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसते) घालून तापवा, आणि पत्रा आणि पट्टी यांच्यात किमान अर्धा इंच अंतर राहील असं बघा. खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तर एलईडी चिकटलेलीच असते, तिथे अंतर ठेवता येत नाही, म्हणून उघडी टोकं नीट झाकायलाच हवीत.

---

रात्रपाळी

मी माझ्या सासऱ्यांचं सहा वर्षं केलं, त्यातून आलेलं सांगते. हेडबोर्डचा उजेड बसायला, बोलायला, जपाला फार छान. पण रात्री बाथरूमला उठताना माणसाची पाठ हेडबोर्डकडे असते आणि स्वतःचीच सावली पुढे जमिनीवर पडते. पाय कुठे टाकायचा तेच दिसत नाही. त्यासाठी पलंगाच्या खालच्या कडेला, उतरायच्या बाजूला, फूटभर वेगळी पट्टी लावा, सेन्सरवर. पाय खाली आले की लागेल, दोन मिनिटांनी आपोआप बंद होईल. सेन्सर हेडबोर्डवर लावू नका, कूस बदलली तरी दिवा लागतो.

गादी: मॅट्रेसच्या वर १८ ते २० इंच पुरे. काकू डोक्याला तेल लावत असतील तर महागाचं कापड मढवू नका. उशीच्या अभ्र्यासारखी चेन लावलेली सुती खोळ शिवा, दोन करा, आलटून पालटून धुता येतात. आणि स्विच त्यांच्या ज्या हाताला सोपा त्या हाताला. हे त्यांना आडवं झोपवून, हात कुठवर सहज जातो ते बघून ठरवा. आपण उभ्याने ठरवतो आणि चुकतो.

---

शनिवारातली

सात आठवड्यांनी परत आले आहे. काम झालं. दिवाळीच्या दहा दिवस आधी झालं. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत.

रंग काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, रोज दोन तास असे सोळा दिवस. चॉकलेटीखाली हिरवा, हिरव्याखाली निळसर, आणि त्याच्याखाली सागवान मधासारखं. केळफुलांच्या पाकळ्यांत पटाशीदादांनी सांगितलेली बांबूची काडीच चालली, लोखंडी काहीही लावलं की रेघ उठायची. काच धरायला पहिल्या दिवशी भीती वाटली. कोन सापडला की मात्र कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा निघतो आणि खाली लाकूड गुळगुळीत, पेपर लावायची गरजच नाही. खरवड ओलीच गोळा केली, रोजच्या रोज बांधून टाकली.

शेंड्यावरच्या कमळापाशी आले तेव्हा हात थांबला. कमळाच्या खालच्या दोन पाकळ्यांवर आणि त्याखालच्या पट्टीवर रंगाच्या आत एक काळपट डाग होता, बोटभर रुंद, वर जाताना निमुळता. बुरशी असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसला, निघेना. आईला बोलावलं. तिने चष्मा काढून अगदी जवळून बघितलं आणि म्हणाली, "समईची काजळी आहे. तुझ्या आजीच्या वेळची. रंग नंतर दिला." तिथे मी काच लावली नाही. बाकी सगळं तासलं, तेवढा वीतभर भाग होता तसा ठेवून फक्त तेलाचा हात दिला.

तेल जवसाचं, तीन हात, प्रत्येक हातात दोन दिवसांचं अंतर. इथे कुणी हे करणार असेल तर एक काळजी घ्या. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी प्रत्येक फडकं गॅलरीच्या दांडीवर पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवलं आणि मगच टाकलं.

खांबांचं सागवान टिंबर मार्केटमधून आणलं. जुन्या तुळईतलंच मिळालं, त्यामुळे रंग जुळला. खाचा मात्र मी पाडल्या नाहीत. ओळखीच्या एका वयस्कर सुतारकाकांना महिरप दाखवली, त्यांनी जीभ मोजून खाच पाडली, दोनदा बसवून बघितली, तिसऱ्यांदा सरकवली तेव्हा हलकासा "टक्" आवाज करून बसली. एकही खिळा नाही. काकांनी मजुरी घेतली, पण चहा झाल्यावर दहा मिनिटं नुसते हात फिरवत उभे राहिले.

तांब्यासाठी तांबट आळीत तीन फेऱ्या झाल्या. ५४ बाय १८ इंचांचा पत्रा, वजन जवळजवळ ४ किलो. पहिल्या फेरीला मी मठाराचा दाणा बारीक सांगितला होता. नमुन्याचा तुकडा हातात घेतला तेव्हा कळलं, बारीक दाण्यावर उजेड नुसता चमचमतो, डोळ्याला टोचतो. मग अंगठ्याच्या नखाएवढा दाणा करून घेतला. बघायला बसले होते. ऐरणीवर पत्रा सरकवणारा डावा हात आणि घाव घालणारा उजवा, दोन्हींचा ताल एकदाही चुकत नाही, आणि ओळी डोळ्यानेच सरळ ठेवतात, रेघ मारलेली नसते. कसबेकरदादा, तुम्ही सांगितलं नसतंत तर मी तिथे कापडच लावलं असतं.

बाकी सामान बुधवारात तपकीर गल्लीत. तिसऱ्या दुकानात सीआरआय ९० छापलेली २७०० ची सीओबी पट्टी मिळाली. तळहात धरून बघितला, दुकानदारही कौतुकाने बघायला लागला. ५ मीटरचं रीळ १,३५० ला, ६० वॅटचा ड्रायव्हर ८५० ला, डिमर ४५० ला. पत्रा आणि खांब सोडले तर बाकी खर्च किरकोळ.

एक चूक माझ्याकडून झाली, ती सांगायलाच हवी. सोल्डरिंगचा पहिला जोड मी नीट बघितला आणि दुसरा घाईत केला. लावल्यावर एकही पट्टी लागली नाही. सगळं उतरवून बघते तर वायरची एक बारीक तार शेजारच्या बिंदूला टेकलेली. ड्रायव्हरने स्वतःला बंद केलं म्हणून काही जळलं नाही. पुन्हा सोल्डर केलं, हीट श्रिंक घातली आणि पत्रा लावायच्या आधी दोन तास चालू ठेवून हाताने तपासलं. ॲल्युमिनियमची पट्टी कोमट होते, बस. पट्टी चिकटवायची एकदाच संधी असते, म्हणून सगळं टेबलावर पेटवून बघा आणि मगच चिकटवा.

आता खाली २० इंचांची गादी, दोन सुती खोळी (आई तेल लावतेच, खोबरेल), तिच्यावर महिरप, महिरपीच्या पोटात तांबं. वरच्या भिंतीला दोन फुटांचा पट्टा मॅट रंगाचा. पूर्ण उजेडात वाचता येतं. निम्म्यावर आणलं की मठाराच्या वाट्या एकेक करून सुट्या दिसतात, कडेच्या जास्त, मधल्या कमी. आणि अगदी मंद केलं की तांब्याचा तांबूसपणा तेवढा उरतो, महिरप काळी होऊन तिच्या सात पाकळ्या त्यावर कापून ठेवल्यासारख्या दिसतात. आईच्या डोळ्यांना त्रास होत नाही, कारण पट्टी तिला कुठूनच दिसत नाही. मी तिच्या उशीवर डोकं ठेवून, बसून, दारातून, सगळीकडून बघितलं.

पायाकडची सेन्सरची पट्टी त्याच रिळातून उरलेली, ६० सेंटिमीटर. तिला वेगळा छोटा ड्रायव्हर दिला.

---

पटाशी

वाचून फार आनंद झाला ताई. त्या काजळीला हात लावला नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. एक विचारायचं राहिलं, ड्रायव्हर शेवटी कुठे ठेवलात? आणि वायर खांबावरून दिसते का?

---

शनिवारातली

ड्रायव्हर पलंगाशेजारच्या छोट्या कपाटाच्या मागे. त्या कपाटाची मागची फळी काढून तिथे जाळी लावली, म्हणजे हवा खेळते आणि कपाट पुढे ओढलं की हात पोचतो. वायर दिसत नाही. सुतारकाकांनी डाव्या खांबाच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत ६ मिमीची घळ पाडून दिली, त्यातून खाली येते.

डिमर मात्र डावीकडे न ठेवता उजवीकडे आणावा लागला. रात्रपाळीताईंनी सांगितल्यासारखं आईला आडवं झोपवून बघितलं, तर तिचा डावा खांदा वर जातच नाही, आणि हे इतके दिवस तिने मला सांगितलं नव्हतं. तेव्हा वायर उजव्या खांबाच्या मागून फिरवून, गादीच्या कडेला, तिच्या कानाच्या उंचीवर गोल खुंटीचा डिमर बसवला. परवा हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, आता खांद्याचा व्यायाम सुरू केला आहे.